‘एल बोला’ : मार खाणारं मूल बोलत का नाही?

रुळांच्या मधोमध एक बाटली ठेवलेली. रुळांच्या दोन बाजूंना दोन पोरं समोरासमोर उभी. गाडी येताना दिसते तरी कुणी हलत नाही. ती अगदी जवळ आली की दोघं एकदम झेपावतात, रूळ ओलांडता ओलांडता बाटली ज्याच्या हाती लागेल तो जिंकला. बाकीची पोरं ओरडत असतात. खेळणाऱ्यांतल्या एकाच्या मुठीत एक लोखंडी गोळी घट्ट धरलेली असते. बेअरिंगमधला छर्रा. हा मुलगा पाब्लो, वय वर्षं बारा. छर्रा सतत जवळ बाळगतो म्हणून सगळे त्याला ‘बोला’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये ‘बोला’ म्हणजे गोळा, चेंडू.

‘एल बोला’ हा चित्रपट २००० साली स्पेनमध्ये आला. दिग्दर्शक आचेरो मान्यास यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याआधी ते अभिनेते म्हणून परिचित होते आणि त्यांनी काही लघुपट केले होते. २००१ च्या गोया पुरस्कार सोहळ्यात, म्हणजे स्पेनच्या सर्वांत मानाच्या चित्रपट पुरस्कारांत, त्याला सर्वोत्तम चित्रपट, पदार्पणातला दिग्दर्शक, मूळ पटकथा आणि नवोदित अभिनेता असे चार पुरस्कार मिळाले. शेवटचा पुरस्कार पाब्लोचं काम करणाऱ्या हुआन होसे बायेस्ता या तेरा वर्षांच्या मुलाचा होता.

मराठी कानाला मात्र त्या नावात दुसरंच काहीतरी ऐकू येतं. बोला. सांगा. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा योगायोग डोक्यातून जाईना, कारण अख्खी गोष्ट एवढ्या एकाच गोष्टीवर टांगलेली आहे: हा मुलगा बोलणार कधी? आणि इतके दिवस तो गप्प का आहे? घरात मार खाणाऱ्या मुलांबद्दल बोलताना आपण सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारतो, बहुतेकदा थोड्या रागानं. ‘अरे, मग सांगितलं का नाहीस?’ हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो, हे या चित्रपटाइतकं साधेपणानं दुसऱ्या कुणी समजावलेलं मला आठवत नाही.

पाब्लोचं घर बाहेरून पाहिलं तर नाव ठेवायला जागा नाही. वडील मारियानो यांचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, स्क्रू, कुलपं, रंगाचे डबे. गिऱ्हाइकाशी नीट बोलणारा, पोटापुरता कमावणारा, आपल्या म्हाताऱ्या आईला घरात सांभाळणारा माणूस. आजीला कपड्यांत होतं, तिचं सगळं पाब्लोची आई करते आणि पाब्लोही हातभार लावतो. शाळा सुटली की मुलगा दुकानात मदतीला. आपल्याकडे असं घर पाहून कुणीही म्हणेल, मुलाला चांगलं वळण लावलंय. या घरात आणखी एक मूल आहे, जे आता नाही. पाब्लोचा मोठा भाऊ वारलेला आहे. त्या मेलेल्या मुलाच्या जागी आपण उभे आहोत आणि आपण कमी पडतोय, हे पाब्लोला रोज जाणवून दिलं जातं. जिवंत भावाशी भांडता येतं, त्याच्याशी बरोबरी करता येते. गेलेला भाऊ कधीच चुकत नाही.

मग शाळेत आल्फ्रेदो नावाचा नवा मुलगा येतो. त्याला तो रुळांवरचा खेळ दाखवतात तर तो सरळ म्हणतो, हा काय मूर्खपणा आहे, आणि खेळायला नकार देतो. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. नाही म्हणता येणं ही सवय असते आणि ती घरातून येते. ज्या मुलाचं ‘नाही’ घरात कुणीतरी ऐकून घेतलेलं असतं, त्याला ते चौघांसमोर उच्चारता येतं.

आल्फ्रेदोचे वडील होसे टॅटू काढतात. अंगभर गोंदवलेलं, घरात मित्रमैत्रिणींचा राबता, एक जिवलग मित्र एड्सनं मरणपंथाला लागलेला आणि त्याच्याविषयी मुलांसमोर मोकळेपणानं बोलणं. ही गोष्ट घडते त्या माद्रिदमधल्या, त्या काळच्या एखाद्या सभ्य शेजाऱ्याला विचारलं असतं, की या दोन घरांपैकी मुलासाठी धोक्याचं घर कोणतं, तर त्यानं बिनधास्त टॅटूवाल्याचं नाव घेतलं असतं. दिग्दर्शकानं हे मुद्दाम असं रचलंय हे दिसतंच, आणि काही समीक्षकांना ही मांडणी जरा सरळसोट वाटू शकते. मला ती गरजेची वाटते. मुलाला मारणारा माणूस चेहऱ्यावरून, कपड्यांवरून, धंद्यावरून ओळखू येतो हा समज इतका पक्का आहे, की तो मोडायला थोडा जोर लावावाच लागतो.

पाब्लो त्या घरी जायला लागतो. त्यांच्याबरोबर अॅम्युझमेंट पार्कमध्ये जातो, डोंगरात फिरायला जातो. तिथे मोठं असं काहीच घडत नाही. बाप मुलाची चेष्टा करतो, मुलगा बापाला उलट बोलतो आणि तरीही सगळे जेवायला बसतात. पाब्लो हे पाहत राहतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण मुळातला गुंता इथे आहे.

मोठ्या माणसाला कुणी मारलं तर ते चूक आहे हे त्याला माहीत असतं, कारण न मारणारं जग त्यानं पाहिलेलं असतं. मुलाकडे जन्मापासून एकच घर असतं. त्या घरात जे होतं तेच त्याच्यासाठी ‘घर’ या शब्दाचा अर्थ. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की पोटात गोळा येतो, हे त्याला भूक लागण्याइतकं स्वाभाविक वाटत असतं. तक्रार करायला आधी तुलना करता यावी लागते, आणि तुलना करायला दुसरं माप लागतं. आल्फ्रेदोचं घर पाब्लोसाठी ते माप ठरतं. बालपणीच्या मैत्रीबद्दल आपण नेहमी हळवं होऊन बोलतो. या चित्रपटात मैत्री फार ठोस काम करते. ती एका मुलाला दुसऱ्या घराच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवते.

मारियानोला हे बरोबर कळतं. तो मुलाला त्या घरी जायला बंदी घालतो. घरात हिंसा करणारी माणसं मुलांचे, बायकोचे बाहेरचे संबंध तोडू पाहतात, हे या क्षेत्रात काम करणारे लोक वारंवार सांगतात. वरवर त्याला शिस्तीचं, काळजीचं नाव असतं: ‘ती संगत चांगली नाही.’ आतून भीती ही, की मुलाच्या हाती मोजपट्टी लागेल.

पण तुलना करता आली म्हणून मूल लगेच बोलतं असं नाही. आणखी दोन-तीन गोष्टी आड येतात आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक तर, मारणारा माणूसच जेवू घालणारा असतो. मुलाचं खाणं, छप्पर, शाळा, आई, सगळं त्याच्या हातात. त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे पायाखालची फळी स्वतःच काढणं. शिवाय मुलं वडिलांवर प्रेम करतात. मार खाऊनही करतात. ‘बाबा वाईट आहेत’ हे मानण्यापेक्षा ‘मी वाईट आहे’ हे मानणं लहान मुलाला सोपं जातं, कारण दुसऱ्या वाक्यात आशा असते: मी सुधारलो तर मार थांबेल. पहिल्या वाक्यात सुटकेचा रस्ताच नाही. आणि मग लाज. शर्टाखालचे वळ लपवणारं मूल वडिलांना वाचवत असतंच, पण त्याहून जास्त स्वतःला वाचवत असतं, वर्गात ‘तो मार खाणारा’ म्हणून ओळखलं जाण्यापासून.

मान्यास यांनी हे दाखवताना फार संयम ठेवलाय. चित्रपटाच्या बऱ्याच मोठ्या भागात हिंसा थेट दिसत नाही. दिसतात ते तिचे परिणाम: टाळलेली उत्तरं, चुकवलेली नजर, घरी जायची वेळ झाली की बदलणारी चाल. प्रत्यक्ष मारहाण खूप उशिरा येते आणि ती पाहणं कठीण आहे. तोवर आपण प्रेक्षक म्हणून तेच केलेलं असतं जे त्या मुलाच्या भोवतीचे लोक करतात. खुणा पाहिल्या, अंदाज बांधला आणि पुढे पाहत राहिलो.

पाब्लोची आई घरातच असते. तिच्यावर राग येतो, येणारच. तीही त्याच माणसाच्या धाकाखाली जगते, सासूचं हगणं-मुतणं काढते आणि वादळ लवकर शमावं म्हणून मुलालाच गप्प राहायला सुचवते. अशा घरांत गप्प राहणारी आई मुलाच्या बाजूची की बापाच्या, हा प्रश्न बाहेरून सोपा दिसतो.

आता बाहेरची मोठी माणसं. आल्फ्रेदोला पाब्लोच्या अंगावरच्या खुणा दिसतात आणि तो आपल्या वडिलांना सांगतो. म्हणजे पहिल्यांदा बोलतो तो मित्र. होसे काय करणार? त्यांच्या ओळखीची लाउरा नावाची समाजसेविका आहे, ते तिच्याशी बोलतात. पुढे एका भयंकर रात्रीनंतर पाब्लो घरातून पळतो आणि होसे त्याला आपल्या घरात घेतात. इथे प्रेक्षकाला वाटतं, झालं, सुटला एकदाचा. तेव्हा लाउरा त्यांना जाणीव करून देते, की दुसऱ्याचं मूल असं घरी ठेवलंत तर अपहरणाचा आरोप तुमच्यावर येऊ शकतो. मारणारा कायद्यानं पालक आहे, आणि वाचवणारा कायद्यानं परका.

ही अडचण पटकथेसाठी बनवलेली नाही. स्पेनच्या कायद्यात त्या वेळी दोन प्रवाह एकमेकांना छेदत होते. नागरी संहितेच्या १५४ व्या कलमात आई-वडिलांना मुलांना ‘वाजवी आणि माफक’ प्रमाणात ताळ्यावर आणण्याचा हक्क लिहिलेला होता. माफक म्हणजे किती, हे ठरवणार कोण? बंद दाराआड ते मारणाराच ठरवत होता. दुसऱ्या बाजूला १९८७ च्या कायद्यानं एक मोठा बदल केला होता. मूल निराधार अवस्थेत आहे असं दिसलं, म्हणजे पालक असूनही त्याला लागणारं संरक्षण मिळत नाही असं ठरलं, तर त्याचं पालकत्व थेट सरकारी संस्थेकडे जाऊ शकत होतं. त्याआधी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागे. १९९६ च्या बालसंरक्षण कायद्यानं त्याच्या अलीकडे आणखी एक पायरी बनवली: ‘जोखीम’. जोखीम असेल तर मूल घरातच ठेवून कुटुंबावर लक्ष ठेवायचं, मदत द्यायची. परिस्थिती त्यापलीकडे गेली तरच मूल बाहेर काढायचं.

कागदावर हे शहाणपणाचं आहे. कुणाच्याही सांगण्यावरून मुलं घरातून उचलली जाऊ नयेत, हे खरंच आहे. पण जोखीम आणि निराधार अवस्था यांच्यातली रेषा कुठे आहे हे ठरवायला अहवाल लागतात, भेटी लागतात, दिवस लागतात. आणि ते दिवस मूल त्याच घरात काढतं, बऱ्याचदा तक्रारीची कुणकुण लागलेल्या बापासोबत. ‘एल बोला’तला सगळा ताण या मधल्या दिवसांत आहे.

त्याच १९९६ च्या कायद्यात एक वाक्य असंही आहे, की मूल धोक्यात असल्याचं ज्याला कुणाला आढळेल त्यानं ते जवळच्या अधिकाऱ्यांना कळवावं, आणि मुलाला तातडीनं लागणारी मदतही द्यावी. शिक्षक, डॉक्टर यांच्यावर ही जबाबदारी विशेष, पण ती आहे सगळ्यांवर. म्हणजे होसेनं रात्री पाब्लोला आत घेणं आणि मग ते अधिकाऱ्यांपर्यंत पोचवणं, या दोन्ही गोष्टी लागतात. एकटं धाडस पुरत नाही, आणि नुसता अर्जही पुरत नाही.

हा चित्रपट नेमका त्याच काळात का आला असेल? तेव्हा स्पेनमध्ये ‘घरातली गोष्ट घरात’ ही भिंत सगळीकडून तडकत होती. १९८९ मध्ये घरातली सततची मारहाण हा स्वतंत्र गुन्हा ठरला. डिसेंबर १९९७ मध्ये ग्रानादाजवळ राहणाऱ्या आना ओरांतेस यांनी टीव्हीवर येऊन आपण चाळीस वर्षं नवऱ्याचा मार कसा खाल्ला हे सांगितलं, आणि दोन आठवड्यांच्या आत त्या घटस्फोटित नवऱ्यानं त्यांना जाळून मारलं. घटस्फोटानंतरही न्यायालयाच्या निकालामुळे तो त्याच घराच्या वेगळ्या मजल्यावर राहत होता. त्या मृत्यूनं देश हादरला. १९९९ मध्ये कायद्यात मानसिक हिंसेचाही समावेश झाला. ही सगळी चर्चा मुख्यतः बायकांबद्दल होती. मान्यास यांनी त्याच बंद दारामागे उभं असलेलं मूल दाखवलं.

पुढे १५४ व्या कलमातला तो ‘वाजवी आणि माफक’ शब्दप्रयोग २००७ च्या अखेरीस कायद्यातून काढून टाकण्यात आला. स्वीडननं मुलांना मारण्यावर १९७९ मध्येच बंदी घातली होती, म्हणजे स्पेनला आणखी अठ्ठावीस वर्षं लागली. आणि जून २०२१ मध्ये बालकांवरील हिंसेविरुद्धचा व्यापक कायदा आला. त्यानुसार प्रत्येक शाळेत मुलांच्या संरक्षणासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. काही गंभीर गुन्ह्यांत तक्रारीची मुदत पीडित व्यक्ती पस्तीस वर्षांची झाल्यावर मोजायला सुरुवात होते, कारण लहानपणी झालेल्या गोष्टी बोलायला माणसाला तेवढा वेळ लागतो हे अखेर मान्य झालं. चौदा वर्षांखालच्या मुलाची साक्ष तज्ज्ञांच्या मदतीनं एकदाच घेऊन ती ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवायची तरतूदही त्यात आहे, म्हणजे पोलीस, डॉक्टर, न्यायाधीश अशा प्रत्येकासमोर तीच जखम पुन्हा उघडी करावी लागू नये.

हे सगळं दूर माद्रिदमध्ये घडलेलं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २००७ मध्ये भारत सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या तेरांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि घरात मार खाल्लेल्या मुलांपैकी बहुतेकांना मारणारे त्यांचे आई-वडीलच होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आपल्याकडे शाळेतली छडी बंद केली. मुलावर क्रूरता करणाऱ्या पालकाला २०१५ च्या बालन्याय कायद्यानं शिक्षा होऊ शकते. पण घरातल्या ‘साध्या’ मारावर स्पष्ट बंदी आपल्याकडे अजून नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाला. तो मुलांना माहीत असतो त्याहून कमी मोठ्यांना माहीत असतो, असं मला माझ्या ओळखीपाळखीत तरी दिसतं.

मी लहानपणी ज्या चाळीत राहिलो तिथे एका खोलीतून संध्याकाळी पट्ट्याचा आवाज यायचा. त्या घरातला मुलगा माझ्याबरोबर गोट्या खेळायचा. आवाज सुरू झाला की आमच्या खोलीत रेडिओ मोठा व्हायचा. कुणी वाईट नव्हतं. ‘त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला पडायचं’ एवढंच. दुसऱ्या दिवशी तो खाली उतरायचा आणि आम्ही खेळायचो. त्यानं कधी काही सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. तो आमच्या खोलीत येऊन तासन्‌तास बसायचा, आईनं हाक मारेपर्यंत उठायचा नाही. तो का बसायचा हे मला ‘एल बोला’ पाहिल्यावर, तीस वर्षांनी कळलं.

चित्रपटाच्या शेवटी पाब्लो बोलतो. समोर बसलेली अधिकारी व्यक्ती विचारते आणि तो सांगत जातो. रडत नाही, आवाज चढवत नाही. वडील काय काय करतात याची यादी, शाळेत उजळणी म्हणावी तशी. शिव्या देतात. थुंकतात. केस ओढतात. सिगारेटचे चटके देतात. लघवी प्यायला लावतात. एक गोष्ट सांगून झाली की तो थांबतो, आठवतो आणि पुढची सांगतो. कुणी मध्ये अडवत नाही. त्याचं सांगून होईपर्यंत कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही.